बोल्टच्या आट्यातले कुंकू

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी एक इंजिनीअर बाई पोलीस ठाण्यात आल्या. त्यांनी माझ्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक बोल्ट ठेवला आणि तक्रार द्यायची आहे असे सांगितले. त्या दिवसानंतर माझ्या बहिणीचे घर आणि माझे घर पूर्वीसारखे राहिले नाही.

नोकरीत हाताळलेले बरेचसे गुन्हे आता आठवायला बसावे लागते. हा आठवावा लागत नाही. लिहायला मात्र मी फार वेळ घेतला. बहीण असेपर्यंत लिहिणे शक्य नव्हते.

मी तेव्हा माझगाव-रे रोड भागातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. सोमवारची सकाळ म्हणजे रविवारी भांडलेले लोक बाकावर बसलेले, रात्रपाळीचा अंमलदार चार्ज देण्याच्या घाईत, आणि चहावाला कोणाचे किती झाले ते विचारत फिरतोय. त्या गर्दीत या बाई शांतपणे उभ्या होत्या. माझगावच्याच, जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. एका विमान कंपनीत सुटे भाग तपासण्याचे काम करत होत्या.

त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. विमानाचे इंजिन पंखाला काही जोडांनी लटकवलेले असते. एका जातीच्या विमानांत त्या जोडांचे बोल्ट झिजत असल्याचे आढळले, तेव्हा सरकारी आदेश निघाला. ठरावीक तास उड्डाण झाले की ते बोल्ट काढायचे आणि नवे बसवायचे. जुना कितीही चांगला दिसला तरी चालणार नाही. काढलेला बोल्ट कापून त्याचे तुकडे करायचे, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या हाती लागायला नको. हे कापण्याचे काम त्यांच्या कंपनीने दारूखान्यातल्या एका भंगार व्यापाऱ्याला दिले होते.

"साहेब, हा बोल्ट आमच्याकडे नवीन म्हणून आलाय," बाई म्हणाल्या. "पण नवीन नाही. आमच्याच विमानातून निघालेला आहे. वरचा नंबर घासून टाकलाय, तरी भिंगाखाली जुन्याची सावली दिसते."

पुरवठा करणाऱ्याने दिलेला पत्ता रे रोडचा होता, म्हणून त्या आमच्या ठाण्यात आल्या होत्या. मी एका शिपायाला तिथे पाठवले. तो परत येऊन म्हणाला, त्या पत्त्यावर लाकडाची वखार आहे आणि वखारवाल्याला विमानातले काही कळत नाही.

मग बाईंनी भिंग काढून माझ्या हातात दिले आणि बोल्टच्या आट्यांमध्ये बघायला सांगितले. आट्यांच्या अगदी मुळाशी, ग्रीसच्या खाली, लाल काहीतरी बसले होते. त्या म्हणाल्या, धातूला तडा आहे का ते पाहायला आम्ही एक लाल रंग लावतो, आधी मला तोच वाटला. पण तो पुसला की निघतो. हा निघत नाही, आणि याच्यासोबत पिवळेही आहे.

मी भिंग खाली ठेवले. "बाई, हे हळद-कुंकू आहे."

त्यांना कळेना. मी सांगितले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. लेथ, पाने, हातोडे सगळे धुऊन मांडतात आणि हळद-कुंकू वाहतात. हातात जे काम असेल तेही कारागीर पूजेत ठेवतात. म्हणजे हा बोल्ट ऑक्टोबरात मुंबईतल्या कुठल्यातरी मराठी माणसाच्या कारखान्यात होता.

बाई हसल्या. "आमच्या गल्लीतले गॅरेजवाले पण करतात हो. मला सुचलंच नाही."

आमचे हवालदार बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "साहेबांनी खुर्चीवरून न उठता अर्धा गुन्हा उघड केला." मला बरे वाटले. मी वाचणारा माणूस, ठाण्यात माझी थोडी थट्टाच होत असे. त्या दिवशी दुपारपर्यंत मी ते कुंकवाचे तीन सहकाऱ्यांना ऐकवले. ते आठवले की आजही मान खाली जाते.

भंगार व्यापाऱ्याला बोलावले. पन्नाशीचा, बोलका, बोटात चार अंगठ्या. माझी चौकशीची पद्धत साधी होती. मी गुन्ह्याबद्दल विचारत नसे, धंद्याबद्दल विचारत असे. माणूस गुन्ह्याबद्दल खोटे बोलतो; पण आपल्या धंद्याबद्दल बोलताना त्याला आपण हुशार आहोत हे दाखवायचे असते, आणि तो खरे सांगून जातो. पहिल्या दिवशी त्याने मला कोणता धातू कापायला किती गॅस लागतो ते सविस्तर सांगितले. बोल्ट मात्र सगळे कापले, तुकडे भट्टीत गेले, आईची शपथ, एवढेच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले की हा धातू कापायला जो गॅस लागतो म्हणालास, तो त्या महिन्यात घेतला कोणाकडून? त्याने चहा पिऊन घेतला. मग म्हणाला, थोडे कापले, थोडे राहिले असतील. मी बोल्ट त्याच्यापुढे ठेवला आणि कुंकू दाखवले. म्हणालो, हा ज्या कारखान्यात घासला, तिथे खंडेनवमीची पूजा झाली. तो कारखाना कुठला?

त्याने आधी हवालदारांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"साहेब, खरंच विचारताय?"

"हो."

"मग मला कशाला विचारता? नारळ तर तुम्हीच फोडला."

हवालदारांनी हातातला कप टेबलावर ठेवला. व्यापाऱ्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. त्याला खरोखर वाटत होते की मी हे सगळे जाणून आहे आणि काहीतरी नाटक चालले आहे. तो पुढे म्हणाला, "लालबागला, तुमच्या बहिणीकडे. मी पण होतो की तिथं. माझ्या हातावर प्रसाद तुम्हीच ठेवलात."

इथे माझ्या बहिणीविषयी सांगायला हवे. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला तिने वाढवले. माझी शाळेची फी, पुस्तके, भरतीच्या वेळचे बूट, सगळे तिच्या घरातून आले. तिचे यजमान, माझे भावोजी, परळच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी लालबागला राहत्या चाळीमागच्या गाळ्यात एक जुनी लेथ टाकली. गिरणी कामगारांच्या घरांत त्या काळात काय काय झाले ते मी ठाण्यात बसून पाहिले आहे. भावोजींनी दारूला हात लावला नाही, कोणापुढे हात पसरला नाही. मला त्यांचा अभिमान होता.

मी फौजदार झालो त्या वर्षापासून खंडेनवमीची पूजा माझ्या हातून करायची, असे त्यांनी ठरवून टाकले. पुढे बढती मिळाली तरी ते मला फौजदारच म्हणत. "या फौजदार, आमच्या मशीनला सलाम करा." मी ड्यूटीवरून गणवेशातच जात असे, कारण त्यांना तसेच आवडायचे. लेथला झेंडूचा हार, एका लांब फळीवर मांडलेली हत्यारे, आणि ताईच्या हातात आईची पितळेची कोयरी. एका कप्प्यात हळद, एका कप्प्यात कुंकू. कोयरी ती माझ्या हातात देई आणि मी फळीच्या एका टोकापासून सुरुवात करत असे.

त्या वर्षी फळीवर बोल्टांची एक रांग होती. चकचकीत, एकसारखे. मी प्रत्येकाला बोट लावत पुढे गेलो. भावोजी म्हणाले होते, "हे नीट लाव. आयुष्यातलं चांगलं काम आहे." मी कशाचे म्हणून विचारले नाही. दिवसभर अनोळखी माणसांना कुठून आलास, कुठे चाललास, हे कोणाचे असे विचारणारा मी माणूस, आणि तिथे मी फक्त नारळ फोडला आणि प्रसाद वाटला.

व्यापाऱ्याच्या जबाबानंतर मी वरिष्ठ निरीक्षकांच्या खोलीत गेलो आणि उभ्याने सगळे सांगितले. त्यांनी मला बसायला सांगितले, मी बसलो नाही. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला गेला आणि स्टेशन डायरीत तशी नोंद झाली. माझा जबाब साक्षीदार म्हणून घेण्यात आला. जबाब लिहून घेणारा अधिकारी माझ्याहून कनिष्ठ होता. तो लिहिताना वर पाहत नव्हता. ते त्याचे सौजन्य होते, पण मला ते सहन होत नव्हते.

भावोजींना संध्याकाळी आणले. ते काही बोलेनात. दुसरा दिवस गेला तरी बोलेनात. इकडे इंजिनीअर बाई रोज ठाण्यात येऊन बसत होत्या. व्यापाऱ्याने बोल्ट वेगवेगळ्या नावांनी दोन-तीन लहान विमान कंपन्यांना विकले होते. त्यांतले काही चालू विमानांवर बसलेले असणार, असे बाईंचे म्हणणे होते. पण खरे आणि घासलेले वेगळे कसे ओळखायचे? काम इतके सफाईदार होते की माप घेऊन फरक कळत नव्हता. सगळीच विमाने उतरवून प्रत्येक बोल्ट काढून तपासायचा तर वेळ लागणार होता, आणि तोवर ती उडत राहणार होती. बाईंनी मला एकदाच विचारले, "तुमचे भावोजी तुमच्याशी तरी बोलतील का?"

वरिष्ठांनी परवानगी दिली, तपास अधिकारी खोलीत हजर राहील या अटीवर. भावोजी लाकडी खुर्चीवर ताठ बसले होते. दोन दिवसांची दाढी वाढली होती. मी समोर बसलो. बाई दाराजवळ उभ्या राहिल्या.

"माप बरोबर होतं," ते आपणहून म्हणाले. "त्या इंजिनीअर बाईला विचार. केसाचा फरक निघाला तर मला फाशी दे."

बाई म्हणाल्या की माप बरोबरच आहे.

"मग?"

मी विचारले, हे विमानाचे आहेत हे तुम्हाला माहीत होते का. ते हो म्हणाले. न कचरता म्हणाले. मग त्यांनी जे सांगितले त्यात लपवाछपवी नव्हती. गिरणीत त्यांनी तीस वर्षे एकच गोष्ट केली होती. झिजलेला शाफ्ट फेकायचा नाही. वेल्डिंगने भरून घ्यायचा, लेथवर घासायचा, मापात आणायचा आणि पुन्हा बसवायचा. विलायतेहून आलेले साचे, म्हणजे कापडाचे माग, त्यांच्या खात्याने असेच पिढ्यान् पिढ्या चालवले होते. नवा भाग मागवणारा मेकॅनिक त्यांच्यात कमअस्सल समजला जायचा. सक्तीने नवे बसवा हा आदेश त्यांना कंपन्यांनी माल खपवण्यासाठी काढलेली युक्ती वाटली. "चांगलं लोखंड कापायला दिलं होतं रे. हात कसा वळेल?"

बाई पुढे आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "काका, तुमचा शाफ्ट तुटला तर साचा बंद पडतो. तुम्ही उद्या पुन्हा चालू करता. हा तुटला तर इंजिन पंखावरून सुटतं. याचं माप तुम्ही परत आणलंत. ताकद नाही परत आली. ती आत संपलेली असते, बाहेरून दिसत नाही."

भावोजी त्यांच्याकडे पाहत राहिले. मानले असे काही दिसले नाही. मला एक गोष्ट आठवली. आदल्या गणपतीपासून ते ताईला सांगत होते की आता आपल्या कोकणात विमान जाते, पुढच्या गणपतीला गावी विमानाने जाऊ. ताई कधी विमानात बसली नव्हती. तिकडे जाणारी विमाने त्याच लहान कंपन्यांची होती.

मी म्हणालो, "भावोजी, गणपतीला ताईला विमानानं न्यायचं म्हणत होतात. काढू का दोन तिकिटं?"

खोलीत पंखा फिरत होता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि बोटांकडे पाहू लागले. ती बोटे मी लहानपणापासून पाहत आलो होतो.  

"वॉशर काढायला सांग," ते म्हणाले. "डोक्याच्या खालच्या अंगाला बघा म्हणावं. ठिपक्यांसारखे तीन टोचे आहेत. माझ्या प्रत्येक कामावर असतात." मग बाईंकडे न पाहता म्हणाले, "आजच बघा."

बाई धावतच बाहेर गेल्या. त्या संध्याकाळी टोच्यांची खूण सगळीकडे कळवली गेली. एका विमानावर तसे बोल्ट बसलेले निघाले. ते सकाळी उडणार होते. बाकीचे गोदामांमध्ये सापडले. कोणाला काही इजा झाली नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, आणि त्या चार ओळींत तपास करणाऱ्या पोलिसांचे कौतुक होते. ते कात्रण कोणीतरी माझ्या टेबलावर ठेवले. मी ते फाडून टाकले.

पुढची गोष्ट तपासाच्या नियमाप्रमाणेच झाली. आट्यातले कुंकू कुठले हे सिद्ध करायला नमुना हवा होता. तपास अधिकारी पंच घेऊन ताईच्या घरी गेला आणि त्याने देवघरातून कोयरी जप्त केली. आत हळद-कुंकू होते तशीच सीलबंद करून ती मुद्देमालात जमा झाली. मी त्या वेळी तिथे नव्हतो, जाऊ शकत नव्हतो. चाळीतल्या लोकांनी दारातून पंचनामा पाहिला. ज्या मजल्यावर वर्षानुवर्षे मला लोक उठून जागा देत होते, त्याच मजल्यावर ताईला दोन-तीन महिने कोणी हळदी-कुंकवाला बोलावले नाही. नंतर मला कळले की तो व्यापारी मधल्या दलालांना सांगत असे, कारखाना पोलिसाच्या घरचा आहे, चिंता नको. मी दरवर्षी गणवेशात जाऊन त्याच्या बोलण्याला पुरावा देत होतो.

भावोजी जामिनावर सुटले. दिवाळी आली. भाऊबीजेला जावे की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी गेलो. भावोजी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. ताईने पाट मांडला, निरांजन लावले. ताटात कोयरी नव्हती, स्टीलची वाटी होती. तिने वाटीत बोट बुडवले आणि तसेच धरून ठेवले.

"कोयरी तुमच्याकडे जमा आहे," ती म्हणाली. "वाटीतलं चालेल ना? का याचाही पंचनामा करशील?"

 तिने कुंकू लावले, ओवाळले. माझे डोळे तिच्या पायांवर होते. उठताना तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा. "लाडू खाऊन जा. मी केलेत, त्यांनी नाही."

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. गिरगावात फणसवाडीतल्या माझ्या खोलीतून साक्षीला गेलो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी नोकरीत अनेकदा उभा राहिलो होतो. हाताचे काय करायचे हा प्रश्न पहिल्यांदाच पडला. बचाव पक्षाचे वकील हुशार होते. त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल हातात घेऊन विचारले की बोल्टवर सापडलेले कुंकू आरोपीच्या घरच्या कोयरीतले आहे, हे तुम्हाला मान्य आहे का. मी हो म्हणालो.

"मग ते बोल्टला लावलं कोणी?"

"मी."

मागे कोणीतरी हसले. न्यायाधीशांनी मान वर केली तसे हसणे थांबले. वकिलांनी आणखी काही विचारले नाही; पुरावा पोलिसाच्याच हातचा आहे, एवढेच त्यांना दाखवायचे होते.

ताई शेवटच्या बाकावर बसली होती. मला माहीत नव्हते ती येणार आहे. कोर्टाच्या जिन्यात तिने मला गाठले. गुडघ्यांमुळे ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. मी हात दिला. अर्ध्यावर थांबून ती म्हणाली, "कोयरी मीच दिली होती ना रे तुझ्या हातात." मी म्हणालो, ताई, तुझा काय संबंध. ती म्हणाली, "तुझा तरी काय होता?" आणि उतरू लागली.

ती मला दोषमुक्त करू पाहत होती, हे मला कळले. मी ते घेऊ शकलो नाही. आजही घेत नाही.

गुन्ह्याने काय शिकवले असे तरुण अधिकारी विचारतात. आम्हाला शिकवतात की संशय घरी नेऊ नये, नाहीतर घर राहत नाही. मीही ते पाळले. पण संशय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावोजी, हे कशाचे बोल्ट आहेत, एवढे मी त्या फळीपाशी विचारले असते तर त्यांनी अभिमानाने सांगितले असते. ते खोटे बोलणारे नव्हते. मी विचारले असते तर मी ते थांबवले असते, कोणी तुरुंगात गेले नसते, आणि ते बोल्ट विमानापर्यंत पोचले नसते. आपल्या माणसांना प्रश्न न विचारणे याला मी इतकी वर्षे आदर समजत होतो. बाहेरच्या माणसांना तो आदर नव्हे, अभय दिसत होते.

निकाल लागायच्या आधी, दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ताई गेली. झोपेत गेली. ती विमानात बसली नाही. व्यापाऱ्याला शिक्षा झाली. भावोजींनी खूण सांगितली म्हणून कोर्टाने आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरली. निकालाच्या दिवशी ते म्हणाले की चार महिने आधी लागला असता तर तिने ऐकला असता.

लेथ त्यांनी विकली. गाळा बंद आहे. खंडेनवमीला मी लालबागला जातो, साध्या कपड्यांत. आम्ही दोघे चहा पितो. त्यांना आता कमी ऐकू येते, त्यामुळे फार बोलणे होत नाही. मागच्या वेळी त्यांनी कोर्टातून सोडवून आणलेली कोयरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तूच ने, फौजदार. मला घरात बघवत नाही."

कोयरी माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. हळदीचा कप्पा रिकामा आहे. कुंकू तळाशी थोडे आहे. झाकणावर गुन्ह्याचा नंबर आणि मुद्देमालाची चिठ्ठी आहे. ती मी काढलेली नाही.